शेक, दाब आणि तेलाचा थर : पापणीच्या एका जुन्या उपचाराचा इतिहास

१/ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडील विंडोलांडा या रोमन ठाण्यावर एका लष्करी तुकडीची हजेरी लिहिली गेली. लाकडाच्या पातळ फळीवर शाईने केलेली ती नोंद ओल्या मातीत टिकून राहिली. तुंग्रियन सैनिकांच्या या तुकडीत एकूण ७५२ माणसे होती. त्यांपैकी ठाण्यावर हजर असलेल्यांत ३१ जण कामास असमर्थ होते : १५ आजारी, ६ जखमी आणि १० डोळ्यांच्या विकाराने बेजार.

२/ डोळ्यांच्या रोग्यांना ‘आजारी’ या सदरात न घालता त्यांची मोजणी वेगळी केली आहे. यावरून हा त्रास किती नित्याचा असावा, याची कल्पना येते. रोमन लोक त्याला ‘लिपिट्यूडो’ म्हणत. लाल झालेले, चिकट, चिपडे धरणारे डोळे म्हणजे लिपिट्यूडो. आज ज्यांना डोळे येणे, खुपऱ्या किंवा पापणीच्या कडांचा दाह म्हटले जाते, ते सारे विकार या एकाच शब्दात सामावलेले होते. कवी होरेस यालाही हा त्रास होता. प्रवासात डोळ्यांना काळा लेप लावल्याचा उल्लेख त्याने स्वतःच केला आहे.

३/ रोमन जगाचा नेहमीचा उपाय म्हणजे लेप. औषधी द्रव्ये कुटून, गोंदात मळून त्यांच्या कांड्या वाळवत आणि लागेल तेव्हा त्या उगाळत. ओल्या कांडीवर वैद्याचे नाव, औषधाचे नाव आणि विकाराचे नाव उमटवण्यासाठी दगडाचे लहान शिक्के असत. असे शेकडो शिक्के उत्खननांत सापडले आहेत, त्यांतील बहुतेक प्राचीन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्स आणि आसपासच्या प्रदेशात. डोळ्यांच्या औषधाचा बाजार तेव्हाही मोठा होता.

४/ याच पहिल्या शतकातील सेल्सस या लॅटिन ग्रंथकाराने मात्र एक वेगळा प्रकार टिपून ठेवला. या विकारात डोळे सुजत नाहीत, पाणीही गळत नाही. ते केवळ लाल, जड आणि दुखरे राहतात, आणि रात्री घट्ट स्रावाने पापण्या चिकटतात. ग्रीक लोक याला ‘झेरोफ्थॅल्मिया’, म्हणजे कोरडा नेत्रदाह म्हणतात, असे तो सांगतो. (आज हाच शब्द ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या विकारासाठी वापरतात, सेल्ससचा अर्थ तो नव्हे.)

५/ सेल्ससचे आणखी एक निरीक्षण आजच्या रुग्णालाही पटेल : या विकाराचा जोर जितका कमी, तितका तो लांबत जातो. उपाय म्हणून तो लेपाआधी वेगळ्याच गोष्टी सांगतो. भरपूर चालावे, व्यायाम करावा, वारंवार स्नानगृहात जावे, तेथे घाम येऊ द्यावा आणि पुष्कळ मर्दन करून घ्यावे.

६/ उष्णता आणि मर्दन! येथे मोह आवरायला हवा. सेल्ससचे मर्दन अंगाचे आहे, पापणीचे नव्हे. शरीरात साचलेले द्रव्य हलवावे, घामावाटे बाहेर काढावे, हा त्यामागचा विचार. पापणीत तेलाच्या ग्रंथी असतात, याची त्याला कल्पना नव्हती. तरीही कोरड्या, चिकटणाऱ्या डोळ्यांना ऊब मानवते, हा अनुभव त्याच्या लेखनात स्पष्ट दिसतो. अनुभव आणि कारण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या उपचाराचा पुढचा सारा इतिहास त्या दोहोंमधल्या अंतराचा आहे.

७/ हाच अनुभव भारतीय वैद्यकात अधिक नेमकेपणाने नोंदला गेला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील पहिले १९ अध्याय नेत्ररोगांना वाहिलेले आहेत. त्यांत ७६ नेत्ररोग मोजले आहेत आणि त्यांपैकी २१ केवळ पापणीचे, म्हणजे ‘वर्त्मा’चे आहेत. पापणी हा डोळ्याचा एक स्वतंत्र, स्वतःचे रोग असलेला भाग आहे, ही जाणीव या वर्गीकरणातच आहे. संहितेच्या रचनेचा काळ वादाचा असला, तरी नेपाळमध्ये तिचे इ.स. ८७८ चे हस्तलिखित उपलब्ध आहे.

८/ पापणीच्या आतून खरवडण्याच्या शस्त्रकर्माआधी वैद्याने काय करावे, याचे वर्णन सुश्रुतात आहे. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट यांत पापणी धरून ती उलटावी आणि सोसवेल अशा कोमट पाण्यात तापवलेल्या कापडाने तिला शेक द्यावा. पापणीला कापडाचा ओला शेक देण्याची इतकी स्पष्ट प्राचीन नोंद क्वचितच मिळते.

९/ दुसरे उदाहरण ‘अंजननामिका’चे. पापणीच्या कडेला येणारी ही दाहक, टोचणारी पुळी म्हणजे बहुधा मराठीतली रांजणवाडी. तिच्यावरील उपचाराचा क्रम असा : आधी शेक, मग ती फुटल्यावर दाबून आतील द्रव्य पिळून काढणे आणि त्यानंतर मध, सैंधव इत्यादी द्रव्यांचे घर्षण. आधी ऊब, मग दाब. क्रम तोच, जो आजही नेत्रवैद्य सांगतात.

१०/ पण सुश्रुताचे दुसरे पानही वाचायला हवे. ‘शुष्काक्षिपाक’ या विकारात पापण्या रुक्ष आणि कठीण होतात, डोळा उघडताना त्रास होतो, दृष्टी गढूळ होते. आजच्या कोरड्या डोळ्यांशी सर्वांत जवळचे वर्णन हेच. येथे मुख्य उपाय आहेत तुपाचे : तूप पिणे आणि तुपाचे तर्पण. डोळ्यांवर धार धरण्यासाठी सांगितले आहे ते सैंधव घातलेले थंड दूध. म्हणजे कोरडेपणा आणि पापणीच्या कडेचा अडथळा यांचा संबंध सुश्रुतानेही जोडलेला नाही. दोन्ही रोग त्याला ठाऊक होते. त्यांना जोडणारा दुवा ठाऊक नव्हता.

११/ चरकसंहितेत तर सावधगिरीचा इशारा आहे. वृषण, हृदय आणि डोळे यांना शेक द्यायचा झाल्यास अगदी सौम्य द्यावा, नाहीतर देऊच नये. इतर अंगाला शेक चालू असताना डोळे स्वच्छ कापडाने, गव्हाच्या कणकेच्या गोळ्याने किंवा कमळाच्या पानांनी झाकावेत. ‘प्राचीनांना शेकाचे महत्त्व माहीत होते’ या वाक्याला ‘आणि त्याचा धोकाही’ अशी जोड द्यावी लागते ती यामुळे.

१२/ ग्रंथांबाहेरही हे ज्ञान वाहत राहिले. महाराष्ट्रातील घराघरांत रांजणवाडी आली की तर्जनी तळहातावर भराभर घासून गरम करायची आणि पुळीवर हलकेच टेकवायची, हा आजीचा उपाय अनेकांनी अनुभवला असेल. या उपायाला ना वैद्याची चिठ्ठी लागली, ना ग्रंथाचा आधार. अशा ज्ञानाचा कर्ता सापडत नाही आणि म्हणूनच इतिहासाच्या पुस्तकांत त्याला सहसा जागा मिळत नाही.

१३/ हातांना उमगलेल्या या उपायाचे कारण शोधण्याची वाट सतराव्या शतकातील युरोपात सुरू झाली. तो शरीरातील सूक्ष्म वाहिन्या हुडकण्याचा काळ होता. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ निल्स स्टेन्सन, म्हणजेच स्टेनो, याने १६६२ मध्ये अश्रुग्रंथींच्या वाहिन्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. अश्रू मेंदूतून झिरपत नाहीत, ते ग्रंथींतून येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. डोळ्यातील पाण्याचा झरा सापडला.

१४/ चारच वर्षांनी, १६६६ मध्ये, जर्मनीतील हेल्मश्टेट येथे हाइनरिख मायबोम याने पापण्यांतील ‘नव्या’ वाहिन्यांवर लॅटिनमध्ये पत्ररूप पुस्तिका लिहिली. पापणीच्या आत, तिला आकार देणाऱ्या कडक पट्टीत, उभ्या रांगेने बसलेल्या आणि पापणीच्या कडेवर बारीक छिद्रांनी उघडणाऱ्या ग्रंथींचे त्यात वर्णन होते. वरच्या पापणीत त्या साधारण ३० ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. मायबोम पुढे त्याच विद्यापीठात इतिहास आणि काव्याचाही प्राध्यापक झाला. ग्रंथींना मात्र त्याचेच नाव कायमचे चिकटले.

१५/ अशा रीतीने पाण्याचा उगम १६६२ मध्ये आणि तेलाचा उगम १६६६ मध्ये, दोन्ही एकाच दशकात सापडले. पण त्यांचे भाग्य सारखे नव्हते. पाण्याचे काम उघड होते. रडणारा माणूस कोणालाही दिसतो. पापणीच्या कडेवरचे तेल कोणाला दिसते? या ग्रंथींना नाव मिळाले, त्यांचे चित्र निघाले, पण डोळ्याच्या आरोग्यात त्यांचा नेमका वाटा काय, हा प्रश्न पुढे जवळपास ३०० वर्षे अनुत्तरित राहिला.

१६/ एकोणिसाव्या शतकात पापणीच्या दाहावर पुन्हा मलमांचेच राज्य आले. जर्मनीतील वीसबाडेन येथील नेत्रवैद्य अलेक्झांडर पागेनश्टेखर याच्या नावाने ओळखले जाणारे पाऱ्याच्या पिवळ्या ऑक्साइडचे मलम पुढे कित्येक दशके पापण्यांना लावले गेले. रोमन शिक्क्याच्या जागी औषधविक्रेत्याची चिठ्ठी आली. विचार बाहेरून काहीतरी लावण्याचाच राहिला. ग्रंथीच्या आत काहीतरी अडले असेल, ही शंका मागे पडली.

१७/ विसाव्या शतकाच्या आरंभी कोरडेपणा मोजण्याचे साधन आले. ओटो शिर्मर याने १९०३ मध्ये खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून ती किती भिजते, हे पाहण्याची चाचणी मांडली. १९३३ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन याने कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि सांधेदुखी यांचा संबंध आपल्या प्रबंधात दाखवला. दोघांचे काम मोलाचे होते. पण त्यातून एक समजूत घट्ट झाली : कोरडा डोळा म्हणजे पाणी कमी असलेला डोळा. पट्टी पाणी मोजते. तेलाची उणीव तिला कळत नाही.

१८/ दरम्यान दुसरा प्रवाह बारीक धारेने वाहत होता. अमेरिकेत १९२१ मध्ये गिफर्ड या नेत्रवैद्याने पापण्यांच्या जुनाट दाहात मायबोमियन ग्रंथींकडे लक्ष वेधले आणि त्या दाबून रिकाम्या करण्यावर भर दिला. लंडनमध्ये युजीन वुल्फ याने १९४६ च्या सुमारास अश्रूंच्या पडद्याचे तीन थर मांडले : डोळ्याला लागून श्लेष्म, मध्ये पाणी आणि सर्वांत वर तेल. तेलाला अखेर जागा मिळाली. तिचे प्रयोजन सिद्ध व्हायचे होते.

१९/ ते काम १९६१ मध्ये झाले. साइइची मिशिमा आणि डेव्हिड मॉरिस यांनी सशांच्या पापण्यांवर प्रयोग केला. मायबोमियन ग्रंथींची तोंडे बंद करून तेलाचा थर नाहीसा केला आणि कॉर्नियावरून, म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरून, पाणी किती वेगाने उडते हे मोजले. बाष्पीभवन दहा पटींहून अधिक वाढले. मुद्दा लख्ख झाला : पाण्याचा झरा शाबूत असूनही डोळा कोरडा पडू शकतो, कारण झाकण निघालेले असते.

२०/ या एका प्रयोगाने जुन्या कोड्याची उकल केली. उन्हाळ्यात अंगणातल्या उघड्या घंगाळातील पाणी जसे लवकर उडते, तसेच तेलाविना अश्रूंचे होते. मग डोळा जळजळतो आणि त्या चिडीमुळे कधी उलट जास्तच पाणी गाळतो. ‘डोळ्यांतून पाणी येते, मग ते कोरडे कसे?’ या रुग्णाच्या रास्त प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

२१/ तरीही दवाखान्यांपर्यंत हा विचार पोचायला वेळ लागला. १९८० मध्ये अमेरिकेत डोनाल्ड कोर्ब आणि अँटोनिओ हेन्रिकेझ यांनी कॉन्टॅक्ट लेन्स न सोसणाऱ्या रुग्णांच्या पापण्या तपासल्या. वरवर दाह नव्हता. पण ग्रंथींवर दाब दिल्यावर स्वच्छ तेलाच्या थेंबाऐवजी घट्ट, दाट द्रव्य बाहेर येत होते. लालीविना, सूज नसताना ग्रंथी मुक्याने बंद पडू शकतात, हे त्यांनी दाखवले आणि या अवस्थेला ‘मायबोमियन ग्रंथींचे अकार्य’ असे नाव रूढ झाले.

२२/ येथे शेकाचे कारण अखेर हाती लागले. निरोगी ग्रंथीतील तेल पापणीच्या नेहमीच्या तापमानाला पातळ असते. अडलेल्या ग्रंथीतील तेल घट्ट होते आणि वितळायला काही अंश अधिक ऊब मागते. पौषात खोबरेल थिजते आणि बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटते, तसाच हा प्रकार. आधी ऊब देऊन तेल पातळ करायचे, मग हलक्या दाबाने ते कडेच्या छिद्रापर्यंत आणायचे. क्रम उलटला तर उपयोग नाही.

२३/ निसर्गाने मर्दनाची सोय आधीच केलेली आहे. प्रत्येक पूर्ण उघडझापीत पापणीचे स्नायू ग्रंथींना किंचित पिळतात आणि तेल कडेवर येते. पडद्याकडे एकटक पाहताना उघडझाप कमी होते आणि पुष्कळदा अर्धवटही राहते. संगणक आणि मोबाइलच्या काळात हा जुना विकार तरुणांपर्यंत येण्याचे एक कारण हेच.

२४/ १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या कार्यशाळेच्या अहवालाने कोरड्या डोळ्यांचे दोन मोठे गट केले : पाणी कमी बनणारे आणि पाणी लवकर उडणारे. २०११ मध्ये मायबोमियन ग्रंथींच्या अकार्यावर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा स्वतंत्र अहवाल आला. स्टेनोच्या झऱ्याला आणि मायबोमच्या ग्रंथींना अखेर शेजारी शेजारी बसवले गेले.

२५/ त्याच २०११ मध्ये अमेरिकेत ‘लिपिफ्लो’ या यंत्राला परवानगी मिळाली. ते पापणीला आतून सुमारे ४२.५ अंश सेल्सिअसची ऊब देते, बाहेरून लयीत दाबते आणि सुमारे १२ मिनिटांत काम संपवते. ऊब आतून का? कारण बाहेरून दिलेली उष्णता त्वचा आणि पापणीची कडक पट्टी ओलांडताना कमी होते आणि रक्तप्रवाहही ती वाहून नेतो. सुश्रुताचा वैद्य पापणी उलटून शेक देत होता तो पुढे खरवडण्यासाठी. यंत्राचा हेतू वेगळा आहे. दोघांनी पापणीची आतली बाजू गाठली, हा योगायोग मात्र रंजक आहे.

२६/ यंत्र महाग, कापड स्वस्त. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात उपचाराच्या पहिल्याच पायरीवर ऊबदार शेक आणि पापण्यांची स्वच्छता आहे. घरच्या शेकाची अडचण मात्र खरी : ओले कापड दोनेक मिनिटांत निवते, म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवावे लागते. पाच ते दहा मिनिटे ऊब टिकली नाही तर घट्ट तेल सुटत नाही. पुष्कळांचा शेक ‘लागू पडत नाही’ तो यामुळे.

२७/ चरकाचा सौम्यपणाचा सल्लाही येथे आठवावा. पापणीची त्वचा फार पातळ असते. चटका बसेल इतके गरम कापड घातक. दाब द्यायचा तो पापणीच्या कडेकडे, वरच्या पापणीवर खाली आणि खालच्या पापणीवर वर, अगदी हलक्या बोटाने; बुबुळावर दाब देऊ नये, डोळे चोळू नयेत. दुखणे वाढले, दृष्टी धूसर झाली किंवा पू दिसला तर नेत्रवैद्याकडेच जावे.

२८/ आता मूळ मुद्दा. समाजमाध्यमांवर अशा विषयांत दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘हे सारे आपल्या ग्रंथांत आधीच होते.’ दुसरा म्हणतो, ‘विज्ञानापूर्वी सगळी अंधश्रद्धा होती.’ पापणीचा इतिहास दोघांनाही साथ देत नाही. कोमट कापड आणि त्यानंतरचा दाब सुश्रुतात आहे, हे निर्विवाद. तेलाचा थर आणि बाष्पीभवन त्यात नाही, हेही तितकेच निर्विवाद.

२९/ कारण ठाऊक नसल्याची किंमत मोठी असते. कारण न कळल्यामुळे शेक रांजणवाडीपुरता राहिला. कोरड्या डोळ्यापर्यंत पोचला नाही. कारण न कळल्यामुळे पाऱ्याचे मलम दशकानुदशके लावले गेले आणि पाणी मोजणारी पट्टी हाच निवाडा मानला गेला. आणि हातांना ठाऊक असलेले तुच्छ मानण्याचीही किंमत असते : ग्रंथींचे चित्र समोर असताना त्यांना हलकेच दाबून पाहण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

३०/ १६६६ ते १९६१ या २९५ वर्षांत ग्रंथी तेथेच होत्या, शेकही चालू होता. दोघांची गाठ घालून देणारा प्रश्न तेवढा कोणी विचारला नव्हता : हे तेल नसेल तर काय होईल? मिशिमा आणि मॉरिस यांनी तो विचारला आणि उत्तर मोजून दाखवले. तळहातावर घासलेल्या बोटाची ऊब त्याआधीही खरी होती. त्यानंतर ती कळली. (समाप्त)